नाळे बर्री

आमच्या चंपी कुत्रीला एकच पिल्लू झालं, बंड्या, त्यामुळे सगळं दूध त्यालाच. तीन आठवड्यांत पिल्लं धडपडत का होईना चालायला लागतात. हा मात्र पोटावर पडून, मागचे पाय दोन्हीकडे फाकवून शहाबादीवर कासवागत वल्हवायचा.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले, तर डॉक्टर लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला गेलेले. "नाळे बर्री," म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टर भेटले, पण पुढे दोन म्हशी आणि एक अडलेली शेळी. शेळीचं ठीक आहे, जिवावरचं होतं. पण माझा नंबर आल्यावर कानडी फॉर्म! मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. कंपाउंडरनं जात विचारली. 'गावठी' म्हटल्यावर त्यानं 'नाटी' लिहिलं आणि पेन असं ठेवलं, की तपासणी तिथंच संपली. डॉक्टरांनी टेबलावरूनच बघून कॅल्शियमचं औषध दिलं, "मोठं झालं की चालतंय." त्या भरवशावर आणखी सहा दिवस गेले. त्याचा राग अजून जात नाही, कारण या दुखण्यात दिवसच महत्त्वाचे. हाडं कोवळी असतात तोवर पाय लवकर वळतात.

शेवटी बेळगावात एका खासगी डॉक्टरांनी पाय हातात धरून हलवून बघितले. सांधे मोकळे होते. "स्विमर पपी आहे, पोहल्यासारखं सरपटणारं. व्यायामानं उठेल," म्हणाले. मागचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन, उभं राहताना असतं तेवढं अंतर सोडून, चिकटपट्टीनं इंग्रजी आठसारखे बांधायला शिकवलं. पट्टी आवळू नका. पंजा सुजला की लगेच सोडा. पिल्लू भराभर वाढतं, म्हणून दोन-तीन दिवसांनी नवी बांधायची.

दिवसातून चार-पाच वेळा पाय सायकलीसारखे फिरवायचे, टबात छातीपर्यंत कोमट पाणी घेऊन, पोटाखाली हात धरून दोन मिनिटं पोहवायचं. नंतर नीट पुसा, सर्दी होते. पंज्याच्या तळव्यांवर मऊ टूथब्रश फिरवला की तो पाय आखडून घ्यायचा, तेवढाच व्यायाम. आणि हो, फरशी! हे आधी सांगायला हवं होतं. गुळगुळीत फरशीवर काही उपयोग नाही, आम्ही गोणपाट अंथरलं. झोपताना कुशीवर वळवायचं, नाहीतर छाती चपटी होते. दूधही मोजून, नाहीतर वजन वाढतं.

पट्टी बांधल्यापासून अठराव्या दिवशी वाटीपाशी उभा राहिला, आणि वाटीतच पडला.

तीन महिन्यांनी रेबीजच्या लसीला त्याच दवाखान्यात घेऊन गेले, चालवत. कंपाउंडरनं फॉर्म पुढं ओढला. "जात?"