आज घरात व्हे प्रोटीनचा डबा

भाच्याने आज जिमच्या सरांचं ऐकून व्हे प्रोटीनचा डबा आणला आणि आई हबकलीच. "पावडरी खाऊन किडन्या जातात रे!" म्हटलं, आई, चीज करताना दूध फाटून जे पाणी उरतं ना, तेच गाळून वाळवलेलं आहे हे. धडधाकट माणसाला बेताने घेतलं तर सहसा बाधत नाही. किडनीचं दुखणं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभरही नको. एका स्कूपात (डब्यातल्या मापाच्या चमच्यात) साधारण २४ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे चार अंडी. आमच्या शाकाहारी घरात सोयीचंच. पण त्यातल्या लॅक्टोजने, म्हणजे दुधातल्या साखरेने, संध्याकाळपर्यंत साहेबांच्या पोटाचा नगारा! आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत तर स्नायू कमवायला अशा पावडरी टाळाच म्हटलंय. वाचून दाखवलं, तर म्हणतो, "मामा, पैसे भरलेत आता." तेवढ्यात हरभऱ्याची डाळ किती किलो आली असती, हा हिशोब आईचा अजून चालूच आहे.