आमची वाटचाल : दीड व्होल्टाच्या सेलवर

इंदुरात रामबागेतल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा दोन सोल्डरिंग आयर्न, एक मल्टीमीटर आणि वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आलेले डागाळलेले लाकडी टेबल एवढेच आमचे भांडवल होते. खिशात ठेवायच्या श्रवणयंत्रांचे सर्किट बोर्ड जोडून एका ठोक व्यापाऱ्याला पुरवायचे, असे कामाचे स्वरूप होते. यंत्र एकाच पेन्सिल सेलवर चालत असे, आणि पहिली काही वर्षे आमची सगळी झटापट त्या दीड व्होल्टाशीच चालली होती.

आवाज मोठा करणाऱ्या ट्रान्झिस्टरला बेस, एमिटर आणि कलेक्टर असे तीन पाय असतात; बेसमधला लहान करंट कलेक्टरमधला मोठा करंट चालवतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टर चालू व्हायलाच बेस आणि एमिटर यांच्यामध्ये सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर एवढा खर्च कोणी मोजत नाही. दीड व्होल्टात मात्र मिळकतीतला चाळीस टक्के भाग दारातच जातो, आणि सेल वापरात उतरत उतरत १.१ व्होल्टावर आला तरी यंत्राने बोलत राहावे, ही ग्राहकाची अपेक्षा रास्तच असते.

सुरुवातीला आम्ही सर्वांत सोपा मार्ग धरला होता : सेलच्या धन टोकापासून बेसपर्यंत एकच रेझिस्टर. महाराणी रोडच्या बाजारातून आणलेल्या बीसी ५४७ बी ट्रान्झिस्टरचा बीटा, म्हणजे बेस करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून वाहतो तो आकडा, २०० पासून ४५० पर्यंत कितीही असू शकतो, म्हणून प्रत्येक बोर्डासाठी तो रेझिस्टर हाताने निवडावा लागे. मागणी वाढली तशी आम्ही घाई केली आणि दर लॉटमधले चार-पाच नग मोजून बाकीच्यांना तीच किंमत लावू लागलो. त्या जानेवारीत गेलेल्या मालात बाकीचे व्होल्ट कलेक्टरच्या रेझिस्टरवर खर्च होऊन काही बोर्डांच्या कलेक्टरवर जेमतेम ०.३ व्होल्ट उरत होते. आवाज स्वच्छ येत होता, म्हणून आम्ही ते चालवून घेतले. ती चूक सर्वस्वी आमची होती. मे महिन्यात पारा बेचाळिसावर गेला आणि यंत्रे परत येऊ लागली. तापमान एक अंशाने वाढले की बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे दोन मिलिव्होल्टांनी उतरते आणि बीटाही वाढतो; पंचवीस अंशांच्या फरकात कलेक्टर करंट वीस टक्क्यांच्या आसपास चढला आणि ते ०.३ व्होल्ट शंभर मिलिव्होल्टांच्याही खाली गेले. ट्रान्झिस्टर पूर्ण संपृक्त, म्हणजे करंट आणखी वाढायला जागाच नाही; आवाज घोगरा. व्यापाऱ्याने पुढच्या बिलातून सगळे पैसे कापून घेतले आणि वर, माल परत नेण्याचे रिक्षाभाडेही आमच्याच नावावर लिहिले.

पाठ्यपुस्तकातला उपाय म्हणजे बेसला सेलचे व्होल्टेज वाटून देणारा दोन रेझिस्टरांचा विभाजक आणि एमिटरला एक रेझिस्टर. एमिटरवर एक व्होल्ट सोडता आला तर हा उपाय उत्तमच आहे. दीड व्होल्टावर आम्हाला जेमतेम ०.१ व्होल्ट सोडता आला, आणि मग बेस-एमिटर व्होल्टेज पन्नास मिलिव्होल्टांनी उतरताच करंट जवळजवळ दीडपट होऊ लागला, म्हणजे पहिल्या सर्किटपेक्षाही वाईट. त्यातच विभाजक सेलबरोबर उतरतो : ताज्या सेलवर बेसला ०.७ व्होल्ट मिळत, १.१ व्होल्टावर ०.५१, आणि ट्रान्झिस्टर झोपी जाई. सेलमध्ये जीव शिल्लक असताना यंत्र मुके होई.

वडील जर्मेनियमच्या एसी १२८ वर हात बसलेले कारागीर. त्या ट्रान्झिस्टरला ०.२ व्होल्टही पुरत, पण गळती करंट दर दहा अंशांना साधारण दुप्पट होत असे, म्हणून बेस कधी मोकळा सोडायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. आमचा हिशेब पाहून ते म्हणाले, "अरे, बेसला सेलकडे कशाला पाठवतोस? त्याला कलेक्टरलाच विचारू दे."

त्यातूनच आमचे आजचे सर्किट आले. कलेक्टरला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, आणि कलेक्टरपासून बेसपर्यंत २७० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक. करंट वाढू लागला की कलेक्टर खाली येतो, बेसला मिळणारा करंट घटतो आणि गाडी आपोआप रुळावर येते. शिवाय बेसचा करंट कलेक्टरकडूनच येत असल्याने कलेक्टर बेसच्या खाली जाऊन संपृक्त होऊच शकत नाही. बीटा २०० असो वा ४५०, कलेक्टर ०.९३ आणि ०.७८ व्होल्ट यांच्या दरम्यान राहतो, आणि सेल १.१ व्होल्टावर आला तरी तो ०.७४ च्या आसपास टिकतो. हेच पुनर्भरण, म्हणजे फीडबॅक, आवाजालाही लागू होऊन वर्धन, म्हणजे आवाज मोठा करण्याची ताकद, खाऊन टाकते, म्हणून दोन्ही रेझिस्टरांच्या जोडावरून जमिनीला, म्हणजे सेलच्या ऋण टोकाला, एक कपॅसिटर दिला : डीसीला, म्हणजे स्थिर करंटला, रस्ता मोकळा, आवाजाला बंद. हा जोड सोडून एकच ५६० किलोओहम लावायचा मोह बोर्ड लहान करताना दोनदा झाला आणि दोन्ही वेळा आवाज बसला.

तपासणीही बदलली. मे महिन्यात लॉटमधले पाच बोर्ड स्टीलच्या डब्यात घालून गच्चीवर ठेवतो आणि डबा हाताला चटके देऊ लागला की मोजतो; मग तेच बोर्ड फ्रिजमध्ये. घरात या प्रयोगाला विरोध होता, तो दह्याच्या भांड्याशेजारी बोर्ड ठेवायचा नाही या अटीवर मिटला.

आता पोलोग्राउंडजवळच्या गाळ्यात सहा जण काम करतात. दाराशी जुन्या सेलची बरणी आहे. शेजारपाजारचे लोक खेळण्यांतले आणि रिमोटमधले उतरलेले सेल तिच्यात आणून टाकतात. त्यांतला १.१ व्होल्टाचा सेल लावून कानाशी धरल्याशिवाय एकही बोर्ड मालाच्या डब्यात जात नाही.