कोंफ्लां-सेंत-ओनोरीन: पाण्यावरच्या माणसांचं गाव

पॅरिसहून वाझ नदीच्या दिशेने निघालेले बहुतेक प्रवासी ओव्हेरला जातात. तिथे व्हिन्सेंट व्हॅन गॉगची कबर आहे, त्याने रंगवलेलं चर्च आहे, शेतं आहेत. जावंच तिथे. पण हीच वाझ पुढे वाहत जाऊन सेन नदीला जिथे मिळते, तिथल्या गावात उतरणारा पर्यटक मला अजून भेटलेला नाही. या गावाचं नाव कोंफ्लां-सेंत-ओनोरीन. पॅरिसच्या वायव्येला पंचवीसेक किलोमीटरवर, सां-लाझार स्टेशनवरून लोकल ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. वस्ती सुमारे 35 हजार. सकाळी इथली माणसं पॅरिसला कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. वरवर पाहिलं तर पॅरिसच्या भोवती अशी उपनगरं कितीतरी आहेत.

माझं माहेर कराडचं. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन भेटतात त्या प्रीतिसंगमावर माझं बालपण गेलं, त्यामुळे नकाशावर दोन नद्या मिळताना दिसल्या की तिथे जाऊन यावंसं वाटतं. इथे भेट तशी समोरासमोर होत नाही. बेल्जियममध्ये उगम पावलेली वाझ 341 किलोमीटर वाहून उत्तरेकडून येते आणि सेनच्या उजव्या काठाला हळूच लागते. मी संगम बघायला गेले होते आणि बोटींपाशी थांबले. मग पुन्हा पुन्हा जात राहिले.

स्टेशन उंचावर आहे. तिथून जुन्या गावातून उतरत नदीकडे यायचं. गल्ल्या अरुंद, मध्येच दगडी पायऱ्या. हा सगळा चढ चुनखडीचा. इथल्या खाणींतून शतकानुशतकं बांधकामाचा दगड निघाला आणि नदी पायथ्याशीच असल्याने तो तिथूनच बोटींवर चढला. पुढे रिकाम्या झालेल्या खाणींच्या अंधारात लोकांनी अळंबी पिकवली. उतारावर मोंझ्वा नावाच्या 11व्या शतकातल्या बुरुजाचा चौकोनी सांगाडा उभा आहे. छप्पर गेलं, मजले गेले, चार भिंती तेवढ्या उरल्या. नदीवरून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायला याहून चांगली जागा सापडली नसती.

बुरुजाच्या शेजारी सां-माक्लू चर्च आहे, आणि गावाच्या नावातल्या सेंत ओनोरीनची गोष्ट याच चढावरची. ओनोरीन ही ख्रिस्ती धर्मासाठी प्राण दिलेली तरुणी, असं परंपरा सांगते. तिच्या अस्थी सेनच्या मुखाजवळ ग्राव्हिल इथे होत्या. 9व्या शतकात नॉर्मन लोक जहाजं घेऊन नदीत शिरू लागले, मठ लुटू लागले. तेव्हा, 876 साली, तिथल्या भाविकांनी त्या अस्थी उचलल्या आणि नदीच्या उलट्या दिशेने आत आत आणत इथे सुरक्षित ठेवल्या. परत न्यायचं राहूनच गेलं. 11व्या शतकात नॉर्मंडीतल्या बेकच्या बेनेडिक्टाइन मठवासीयांनी इथे आपली शाखा काढली, यात्रा भरू लागली. कैदेतून सुटका व्हावी म्हणून लोक ओनोरीनला नवस बोलत. नावाडीही तिला आपली मानत. जिच्या अस्थीच पळून येऊन इथे थांबल्या, तिच्यापाशी बंदिवान आणि नदीवरची माणसं यावीत, हे मला फार योग्य वाटतं.

त्या मठाच्या जागी आता 19व्या शतकातला वाडा आहे आणि त्यात नदीवरच्या वाहतुकीचं संग्रहालय. 1967 साली सुरू झालेलं. पॅरिसच्या मोठ्या संग्रहालयांतली गर्दी इथे नाही. बोटींच्या प्रतिकृती बघत, एकेक पाटी वाचत आरामात फिरता येतं. या गावाला नदीवाहतुकीची राजधानी का म्हणतात, ते मला इथे उमगलं.

कारण आहे कोळसा. पॅरिसला 19व्या शतकात चुलीपासून कारखान्यापर्यंत सगळीकडे कोळसा लागत होता, आणि तो निघत होता उत्तरेत, बेल्जियमच्या सीमेलगत. 1810 साली सां-कांतां कालवा खुला झाला आणि उत्तरेकडच्या नद्या वाझला जोडल्या गेल्या. मग कोळशाच्या बोटी वाझवरून खाली येत कोंफ्लांला पोचायच्या. इथे पंचाईत अशी की पॅरिस सेनच्या वरच्या अंगाला. म्हणजे इथून पुढे प्रवाहाच्या विरुद्ध, वळणावळणाने जायचं. घोडे किंवा माणसं काठावरून दोर ओढत नेत. 1850च्या दशकात त्यावर एक उपाय निघाला. नदीच्या तळाशी पॅरिसपासून कोंफ्लांपर्यंत लोखंडी साखळी टाकली. वाफेवर चालणारी बोट ती साखळी पुढून उचलून रहाटावर घ्यायची आणि मागून सोडून द्यायची, आणि तिलाच धरून स्वतःला पुढे खेचायची. मागे भरलेल्या बोटींची रांग बांधलेली. ही रांग जुळेपर्यंत बोटी कोंफ्लांच्या काठाला थांबत. थांबणं आलं की दोरखंडाचं दुकान आलं, डागडुजी करणारे आले, खानावळ आली. साखळी गेली, दुसऱ्या बोटींना ओढून नेणाऱ्या वाफेच्या टगबोटी आल्या, मग डिझेल आलं. तरी थांबायचं ठिकाण हेच राहिलं. 1904 सालची ‘जाक’ नावाची टगबोट संग्रहालयाने जपून ठेवली आहे. तिचं पोलाद बघताना त्या ओढीचा अंदाज येतो.

या बोटींना पेनिश म्हणतात. लांब, सपाट बार्ज. 1879 साली मंत्री फ्रेसिने यांनी कायदा करून देशभरातल्या कालव्यांच्या लॉकगेटना, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाज्यांना, एकच माप ठरवून दिलं. त्यात बसेल एवढीच बोट बांधायची म्हणून पेनिश 38.50 मीटर लांब आणि 5.05 मीटर रुंद झाली. तिच्यात साडेतीनशे टनांपर्यंत माल मावतो. आणि माणसांसाठी? मागच्या टोकाला एक छोटी खोली, तीत स्वयंपाक, झोपणं, बाळंतपण, म्हातारपण. जास्त जागा घेतली तर तेवढा माल कमी बसणार. ज्यांना घोड्याचा खर्च झेपत नसे त्या घरांत नवरा, बायको आणि मोठी मुलं छातीला पट्टा लावून स्वतःच बोट ओढत. त्याचे फोटो पाहिले आणि मला पुढच्या दालनात जायला वेळ लागला. त्यातल्या एका बाईची वाकलेली पाठ काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मुलांना शाळेत घालायचं तर वसतिगृहातच ठेवावं लागे, कारण आईबाप आज इथे तर आठवड्याने बेल्जियममध्ये. कोंफ्लांमध्ये अशा मुलांसाठी वसतिगृह होतं. आणि इथेच होती भाडं वाटण्याची कचेरी. आपल्याकडे ट्रकवाले म्हणतात तसंच, भाडं मिळणं हीच यांचीही रोजची चिंता. ठरलेल्या वेळी सगळे जमत, कुठून कुठे काय माल न्यायचा आहे ते जाहीर होई, आणि ज्याचा नंबर त्याची निवड. नाही म्हटलं की पुढच्याला. नंबराची ही पद्धत 2000 सालापर्यंत टिकली. युरोपच्या नियमांनी बाजार खुला झाला आणि ती बंद पडली. नंबराच्या पद्धतीत वेळ जायचा, व्यापारी वैतागायचे, हे मान्य. पण एकट्या बोटीवर संसार असलेल्या माणसाला तिने कित्येक दशकं दोन घास दिले. त्याआधी उत्तरेतल्या कोळशाच्या खाणी एकेक करून मिटल्या होत्या. 1990 साली शेवटची बंद झाली. उरलेला माल ट्रकने पळवला.

आज काठावर दोन-दोन, तीन-तीन पेनिश एकमेकींना लागून उभ्या दिसतात. कित्येक आता हलत नाहीत. डेकवर कुंड्या, सायकली, वाळत घातलेले कपडे. काहींत निवृत्त बार्जवाले राहतात, काहींत पॅरिसचं भाडं न परवडणारी तरुण मंडळी.

या रांगेत एक बोट वेगळी आहे, काँक्रीटची. नाव ‘झ सेर’, म्हणजे ‘मी सेवा करते’. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून 1919 साली काँक्रीटच्या काही बार्ज बांधल्या, त्यातली ही एक, सुमारे 70 मीटर लांब. माल वाहण्याच्या कामी त्या जड पडल्या. 1930च्या दशकात जोझेफ बेलांजे या धर्मगुरूने बार्जवाल्यांसाठी मदतसंस्था उभी केली, ही बोट मिळवली आणि 1936 पासून ती इथे नांगरून आहे. जिथे कोळसा भरायचा तिथे आता प्रार्थनागृह आहे. जमिनीवरच्या कुठल्याच गावात ज्यांचं चर्च नाही त्या माणसांच्या मुलांचे बाप्तिस्मे इथे झाले, लग्नं इथे लागली, अंत्यविधीही. बाकीच्या भागात कागदपत्रं भरून द्यायची, पत्रं सांभाळून ठेवायची, अडलेल्याला जेवू घालायची सोय होती.

जेवू घालणं थांबलेलं नाही. गेल्या दशकात या बोटीपाशी तिबेटी निर्वासित येऊ लागले. पॅरिसमध्ये उतरल्यावर कुणीतरी सांगायचं, नदीकाठी एक बोट आहे, तिथे जा. काही काळ काठावर त्यांचे तंबू होते. बोटीवर जेवण, फ्रेंचचे धडे, अर्जांसाठी मदत. मी एकदा बोटीबाहेर उभी असताना एका तरुणाने मला हिंदीत विचारलं, “दीदी, आप इंडिया से?” तो कर्नाटकातल्या मुंडगोडच्या वसाहतीत वाढलेला. त्याची आई दर हिवाळ्यात कोल्हापूरला स्वेटर विकायला बसायची. आमच्या घरी वर्षानुवर्षं स्वेटर यायचे ते अशाच तिबेटी बायकांकडून. त्यांची मुलं कुठे शिकतात, पुढे काय करणार, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. आम्ही बराच वेळ बोललो, कोल्हापूरच्या थंडीबद्दल, तिथल्या मिसळीबद्दल, कागद मिळायला किती दिवस लागतात त्याबद्दल. निघताना तो म्हणाला, इथे आल्यावर पहिला गरम भात याच बोटीवर मिळाला.

कोंफ्लांचं नाव जगाने ऐकलं ते मात्र एका क्रूर घटनेमुळे. इतिहास-भूगोल शिकवणारे साम्युएल पाती यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तासाला प्रेषित मुहम्मदांची व्यंगचित्रं दाखवली, आणि 16 ऑक्टोबर 2020 रोजी शाळेपासून जवळच त्यांची हत्या झाली. शाळा वरच्या भागातल्या वस्तीत आहे. मी शिक्षिकेची मुलगी आहे. या गावाबद्दल लिहिताना त्यांचं नाव न घेणं मला जमणार नाही.

काठाने खाली संगमाकडे चालत जावं. जुनी बोटी ओढायची वाट आहे, सपाट आणि सावलीची. मिशेल रोकार 1988 ते 1991 फ्रान्सचे पंतप्रधान होते आणि 1977 ते 1994 या गावचे महापौर. राष्ट्रीय राजकारणातल्या माणसाने एवढी वर्षं या नदीकाठची जबाबदारी सांभाळली, याचा इथल्या जुन्या लोकांना अभिमान आहे. रेल्वेच्या पुलाखालून पुढे गेलं की ज्या टोकाला पोचतो त्याचं नाव प्वांतिल. समोर आशेरचा सखल काठ, उजवीकडून वाझ. वाझचं पाणी मला नेहमी थोडं गढूळ दिसलं. दोन रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहतात आणि मग कळेनासे होतात.

तिथल्या बाकावर एक म्हातारे बार्जवाले गृहस्थ भेटले. वाझच्या वरच्या अंगाला सध्या सेन-उत्तर युरोप कालव्याचं काम चालू आहे. 107 किलोमीटर लांब, 4,400 टनांपर्यंतच्या बोटी जातील असा. तो झाला की बेल्जियम-हॉलंडचा माल पुन्हा याच मुखातून सेनमध्ये उतरेल. “मग चांगलंच की,” मी म्हटलं. ते म्हणाले, “मादाम, नदीसाठी चांगलं. शेकडो ट्रक रस्त्यावरून हटतील, हे मलाही हवंय. पण त्या बोटी कंपन्यांच्या असतील. आमच्या मापाची बोट बांधायला आता कुणी पैसे देत नाही.” मग त्यांनी बोटाने हवेत नकाशा काढून दाखवला. छोट्या कालव्यांच्या काठी धान्याची कोठारं आहेत, तिथे मोठी बोट वळतच नाही. ते कालवे उपसून खोल ठेवले, लॉकगेट दुरुस्त ठेवले, तर साडेतीनशे टनांच्या बोटीला अजून भाडं आहे. सरकारने मोठ्या कालव्याच्या खर्चातला छोटा वाटा तिकडे वळवावा, एवढंच त्यांचं मागणं. मला ते पटलं.

जायचं असेल तर जूनमध्ये जा. तेव्हा इथे बार्जवाल्यांचा ‘पार्दों’ नावाचा वार्षिक मेळा भरतो. देशभरातून बोटी येतात, टोकापासून टोकापर्यंत पताका लावतात. पॅरिसच्या विजयकमानीखालच्या अज्ञात सैनिकाच्या स्मारकावरची ज्योत बोटीने इथे आणतात आणि युद्धांत मेलेल्या बार्जवाल्यांच्या स्मारकापाशी नेतात. प्रार्थना ‘झ सेर’वर होते. नंतर बोटींवर ये-जा सुरू होते, आणि ओळख नसली तरी वर बोलावतात. बोलावलं तर जा, आणि मागच्या टोकाची ती छोटी खोली दाखवायची विनंती करा.