वॉकरच्या नावापुढच्या चार चुका

ओहायोतल्या टोलेडो शहरात मी एका ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात काम करतो. मागच्या हिवाळ्यात एक शाळकरी मुलगा मोझेस फ्लीटवुड वॉकरवर प्रकल्प करायला आला. वॉकर हा १८८४ साली टोलेडो ब्लू स्टॉकिंग्ज या संघाकडून बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, खेळलेला कृष्णवर्णीय कॅचर. १ मे १८८४ चा लुइव्हिलमधला, तिथल्या एक्लिप्स संघाविरुद्धचा त्याचा पहिला सामना आम्ही मायक्रोफिल्मवर शोधला. हिट, म्हणजे यशस्वी फटका, एकही नाही; क्षेत्ररक्षणातल्या चुका चार. मुलाचा चेहरा पडला. "म्हणजे तो कच्चाच होता का?"

हा प्रश्न तसाच सोडून देणं मला शक्यच नव्हतं. याच लुइव्हिलमध्ये १८८१ साली, याच एक्लिप्स संघाने वॉकर काळा म्हणून त्याला खेळू दिलं नव्हतं. मैदानावरचं नंतर, आधी हे लिही, असं मी त्याला सांगितलं.

मग कॅचरचं काम समजावलं. यष्टिरक्षकासारखा तो फलंदाजाच्या मागे असतो, पण चेंडू कुठला टाकायचा याची खूणही तोच देतो. खूण वक्र चेंडूची आणि आला वेगवान, तर बोटं मोडायची. वॉकर तर पुष्कळदा उघड्या हातांनीच झेलायचा.

आणि त्याच्याच संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टोनी मुलेन नेमकं हेच करत होता. १९१९ साली त्याने स्वतः कबूल केलं: आपण ज्यांना चेंडू टाकले त्यांत वॉकर सर्वोत्तम, पण काळा माणूस आपल्याला आवडत नसे, म्हणून त्याच्या खुणा आपण मानत नसू. एकदा वॉकर चालत त्याच्याकडे गेला. खुणा देऊन फसवून घेणार नाही, त्यापेक्षा खुणांशिवायच झेलतो, असं त्याने सांगितलं. उरलेला हंगाम, काय येणार हे ठाऊक नसताना, त्याने मुलेनला झेललं.

मुलाने ते दोनदा वाचलं. "मग या चुका कुणाच्या नावावर लिहायच्या?"

चारही मुलेनच्या माथी मारता येणार नाहीत, हे मी स्पष्ट सांगितलं. पण त्या हंगामातले ४२ सामने आणि .२६३ ची सरासरी (हजार संधींत २६३ हिट, या प्रमाणात) त्याच पानावर यायला हवी; लीगमधल्या फलंदाजांच्या सरासरीहून ती चांगली होती. आणि अशा वागणुकीत ती मिळवलेली होती, हेही.

त्याने वहीत चुकांच्या रकान्याशेजारी मुलेनची कबुली उतरवली. नंतर १८८७ चं रीळ मागितलं, कारण त्या वर्षीच्या १४ जुलैला इंटरनॅशनल लीग या मेजर लीगखालच्या स्पर्धेतल्या संघांनी यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार नकोत असं मतदानाने ठरवलं होतं, आणि तेव्हा वॉकर न्यूअर्क शहराच्या संघाकडून त्याच लीगमध्ये खेळत होता.