मधली शेपटी

मार्चमधला तो दिवस माझ्याच चुकीमुळे लक्षात राहिला. स्कॉटलंडमध्ये स्पे नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात, वस्तीच्या वर आणि खाली अशा दोन ठिकाणी, पाणी किती स्वच्छ आहे ते त्यातल्या जिवांवरून जोखण्यासाठी, पायाने तळ ढवळून आम्ही तीन-तीन मिनिटांचे नमुने जाळीत गोळा केले होते. थंडीने बोटे बधिर झाली होती. खालच्या नमुन्यातल्या एका सडपातळ निम्फला, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या कीटकाच्या पिल्लाला, भिंगाखाली दोन शेपट्या दिसताच मी काठावरच ‘स्टोनफ्लाय, पर्लोडिडी कूळ’ अशी नोंद करून टाकली. स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय हे दोन्ही बालपण पाण्यात काढणारे कीटक. मेफ्लायच्या निम्फला बहुधा तीन शेपट्या असतात, स्टोनफ्लायच्या निम्फला दोन; एवढा सोपा ठोकताळा हाताशी असताना पुढे पाहण्याची तसदी कोण घेतो?

प्रयोगशाळेत वरच्या नमुन्यातली इंचभर लांबीची खरी स्टोनफ्लाय पांढऱ्या ट्रेमध्ये जिवंत होती. शून्य अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २० अंशांना जेमतेम ९. त्यामुळे खोलीच्या उबेने पाणी कोमटू लागले, तसे तिने सहाही पाय रोवून तालमीतल्या पैलवानासारखे जोर काढायला सुरुवात केली. अंग असे वरखाली केल्याने पायांच्या मुळाशी असलेल्या कल्ल्यांच्या झुपक्यांवरून पाणी खेळते राहते. शेजारच्या मेफ्लायचे कल्ले मात्र पोटाच्या दोन्ही कडांना, इवल्या पानांच्या रांगेसारखे होते.

मी ते पाहण्यात रमलेले असताना सहकारिणीने माझी नोंद वाचून विचारले, “नख्या मोजल्यास का?”

मोजल्या नव्हत्या. स्टोनफ्लायच्या प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या असतात, मेफ्लायच्या एकच. सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या ‘स्टोनफ्लाय’च्या पायाला एकच नखी दिसली, पोटाच्या कडेला कल्ल्यांची पाने दिसली आणि दोन शेपट्यांच्या मधोमध तुटलेल्या तिसरीचे खुंटही. तो बेटिडी कुळातला मेफ्लाय होता.

पाण्याची स्वच्छता जोखायला तेव्हा आम्ही वापरत असलेल्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत कूळ प्रदूषणाला जितके हळवे तितके त्याचे गुण जास्त; पर्लोडिडीला १० गुण होते, प्रदूषण बऱ्यापैकी सोसणाऱ्या बेटिडीला ४. प्रत्येक कूळ एकदाच धरले जाते आणि बेटिडी त्या नमुन्यात आधीच होते. म्हणजे चारही मिळाले नाहीत, दहा मात्र गेले. वस्तीखालचे पाणी मी कागदावर फुकटच स्वच्छ करून ठेवले होते.

नोंदीवर काट मारून मी सही केली आणि ट्रे शीतकपाटात ठेवला. थोड्या वेळाने दार उघडून पाहिले, तेव्हा स्टोनफ्लायचे जोर थांबले होते.