बाईंची आडवी रेघ

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं. इंग्रजी मजकुरात 'अ फिफ्टी-इयर-ओल्ड स्कूल' असं छापलं होतं. 'इयर'ला 'एस' नाही आणि दोन्ही छोट्या रेघा जागच्या जागी. मसुदा करणारा बाईंच्या हाताखालून गेलेला असणार! कोणत्या बाई, हे आमच्या वेळच्यांना सांगायला नको.

शाळेविषयी लिहा असं कळवलंय, पण मला बाईच आठवतात, त्याला इलाज नाही.

'फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय' लिहिणारे वर्गात ढिगाने होते. चूक कुठून येते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. मराठीत आपण 'पाच वर्षांचा मुलगा' म्हणतो, वर्षं अनेक, म्हणून तिकडेही 'एस' चिकटवून मोकळे होतो. त्या म्हणायच्या, "अरे, 'दहा फुटांची भिंत' म्हणता तसं 'दहाफुटी भिंत'ही म्हणताच ना? इंग्रजीला नामाच्या आधी ते दहाफुटीच लागतं." वर्णन क्रियापदाच्या मागे गेलं, 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड' झालं, की 'एस' परत आणि रेघा गायब.

एकदा त्यांनी फळ्यावर 'ट्वेंटी फाइव्ह इयर ओल्ड बॉइज' एवढंच लिहिलं, रेघ एकही नाही. "किती मुलं, केवढी?" पुढच्या बाकांवरून उत्तर आलं, पंचवीस वर्षांची. बाईंनी 'ट्वेंटी' सोडून 'फाइव्ह', 'इयर', 'ओल्ड' हे तिन्ही शब्द रेघांनी जोडले. झाली पाच-पाच वर्षांची वीस पोरं. मग डस्टर फिरवून 'फाइव्ह' आणि 'इयर' यांच्यामधली रेघ पुसली आणि ती 'ट्वेंटी'च्या पुढे ओढली. "आता मोजा." वर्षा-वर्षाची पंचवीस बाळं! वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. बाईंनी त्यांनाही तोच प्रश्न घातला. त्यांनी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

आज यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणं हा माझा व्यवसाय आहे. 'टेन-फूट-लाँग पाइप्स' म्हणजे दहाफुटी नळ्या. पहिली रेघ गळली की फूटभर लांबीच्या दहा नळ्या. मागणी नोंदवणारा माणूस जे छापलंय तेच मागवतो. माझ्या हाताखालची नवी मुलं हुशार आहेत, पण दिसेल तिथे रेघ मारतात, अगदी 'न्यूली बिल्ट'मध्येसुद्धा. शेवटी 'एल-वाय' असलेलं क्रियाविशेषण आपलं काम स्वतःच सांगतं, त्याला रेघ कशाला? बाईंनी असल्या रेघेवर लाल फुली मारली असती. आता वह्या तपासायला इतका वेळ कोण देतं, कोण जाणे. दुरुस्ती संगणक करतो, कारण कुणी विचारत नाही.

बाईंची व्याकरणाची जाड वही, कापडी पुठ्ठ्याची, कुणाकडे असेल तर शाळेने तिच्या प्रती काढून ग्रंथालयात ठेवाव्यात. खर्च आमची तुकडी करेल.