ली हुआची सही

शिजियाझुआंग, चीन. छिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांच्या समाध्या झाडायच्या सणाला, चार दिवस. रात्रीचे पावणेदहा.

संध्याकाळचा अभ्यासवर्ग अजून सुटलेला नाही. समोरच्या इमारतीत सगळे मजले उजळलेत आणि खिडक्यांमधून पुस्तकांच्या चळती दिसतायत, त्यांच्यामागची डोकी दिसत नाहीत. माझ्या टेबलावर 52 कागद आहेत. सकाळपासून वाचतेय.

अकरावीच्या या वर्गाला मी आठवड्यातून एकदाच भेटते, 40 मिनिटं, तोंडी इंग्रजीसाठी. व्याकरण, उतारे, शब्द हे सगळं त्यांच्या चिनी बाई घेतात आणि फार नेटानं घेतात. मुलांना अवघड अवघड शब्द येतात. पण "तुला काय वाटतं?" असं विचारलं की वर्ग गप्प. उत्तर उभं राहून द्यायचं असतं, आणि चुकलं तर 51 जणांसमोर चुकतं.

लिहायला सांगितलं तर मात्र भराभर लिहितात. फक्त पत्राखाली सही सगळ्यांची एकच, ली हुआ.

गाओकाओच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या, 750 गुणांपैकी 150 इंग्रजीचे. इथल्या पेपरात 15 गुणांसाठी साधारण 80 शब्दांचं पत्र किंवा तसंच काही लिहायचं असतं, आणि प्रश्नाची सुरुवात ठरलेली: समजा, तुम्ही ली हुआ आहात. स्वतःचं नाव घालायचं नाही, तपासणाऱ्याला कळता कामा नये. मग हा ली हुआ परदेशी मित्राला प्रदर्शनाला बोलावतो, सल्ला देतो, आभार मानतो. कधी रागावत नाही, कधी कुणाची आठवण येऊन रडत नाही. दरवर्षी कोटीहून जास्त मुलं या परीक्षेला बसतात. त्यांच्या इंग्रजीतला 'मी' म्हणजे हा मुलगा, जो कुठेच नाही. मला हे मनापासून खटकतं. परीक्षेची गरज मला कळते, पण सोळा वर्षांच्या मुलानं एक भाषा इतकी वर्षं शिकावी आणि तिच्यात एकदाही स्वतःचं नाव लिहू नये?

म्हणून मंगळवारी फळ्यावर ली हुआ लिहिलं आणि पुसून टाकलं. म्हटलं, आज स्वतःच्या नावानं लिहा. ज्याला खरंच काही सांगायचंय, त्याला. गुण नाहीत.

पहिला प्रश्न आला, "लाओशी (म्हणजे बाई), किती शब्द?"

काहींनी सवयीनं ली हुआच लिहिलंय. एकानं ते खोडून खाली आपलं नाव लिहिलंय, बारीक अक्षरात.

एका मुलीचं पत्र आजीबद्दल आहे. आईवडील पेइचिंगला कामाला, ही गावी आजीजवळ वाढली. 'तो पहाटे उठून माझ्यासाठी मांथोउ पाव वाफवायचा. आता त्याचे गुडघे दुखतात, तरी तो मला सांगत नाही.' दोन्ही पानं आजी 'तो'च आहे. बोलण्यातल्या चिनीत तो, ती, ते या तिन्हींना एकच शब्द, 'था'. लिहिताना चिन्हं वेगळी, कानाला फरक नाही, आणि घाईत इंग्रजीतही ही मुलं कानानंच लिहितात. मराठीत वाढलेल्या माझ्या कानाला हे फार टोचतं, आपल्याकडे तर क्रियापदसुद्धा बाई की पुरुष ते सांगतं. लाल पेन उचललं होतं. एवढी 'तो' खोडायची म्हणजे पानभर लाल. पेन ठेवून दिलं.

आणि एका मुलाचं पत्र डॉ. कोटणीसांना.

मी भारतातून आले एवढंच त्याला माहीत आहे. कोटणीस सोलापूरचे आणि मी साताऱ्याची, हे मी वर्गात कधी बोलले नव्हते. तो लिहितो, प्राथमिक शाळेत असताना छिंगमिंगला आम्ही तुमच्या समाधीवर फुलं ठेवली होती, तेव्हा थंडी वाजत होती आणि मला घरी जायचं होतं, त्याबद्दल माफ करा. मग पुढे: तुम्ही आमची भाषा शिकून आमच्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलंत, तेव्हा तुम्हाला चुकायची भीती वाटायची का?

1938 मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, चीनच्या मदतीला आलेल्या कोटणीसांसह पाच भारतीय डॉक्टरांनी चिनी नावं घेतली, आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी एकच अक्षर ठेवलं, हुआ, म्हणजे चीन. कोटणीस झाले के दी-हुआ. मुलानं ते अक्षर समासात काढलंय, बाणानं दाखवलंय आणि लिहिलंय, ली हुआचा हुआ तोच आहे.

मी इतकी वर्षं हे नाव फळ्यावर लिहितेय. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

1942 च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा 32 वर्षांचे होते. समाधी इथेच, या शहरात आहे. मी आल्या वर्षी एकदा जाऊन आले, नंतर राहूनच गेलं. शनिवारी जाईन. त्याला विचारावं का, येतोस का म्हणून? वसतिगृहातली मुलं सुट्टीला घरी जातात, त्याचं घर लांब आहे.

घंटा झाली. जिन्यावर पावलांचा लोंढा सुरू झालाय. अकरा कागद उरलेत, आणि आजीच्या पत्राखाली मी अजून काहीच लिहिलेलं नाही.